दादाच्या बाटलीत 9 गोळ्या जास्त

माझा मामेभाऊ 14 वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घेतोय, कधी खाडा नाही. परवा त्याच्याकडे गेले तर बाटलीत 9 गोळ्या जास्त. विचारलं, तर दादाने मोबाइलच पुढे केला. सगळीकडे फिरतोय तोच मेसेज: ‘रक्तात विषाणू नाही हा रिपोर्ट फसवा. तो मणक्यातल्या पाण्यात लपतो, तिथे गोळ्या चालत नाहीत. रिपोर्टवर विसंबून जोडीदाराजवळ जाऊ नका. गोळ्या थांबवा, आमचा काढा घ्या.’

विषाणू लपतो हे नाइलाजाने मान्य करते. मणक्यातलं पाणी म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवतीचा द्रव. मेंदूत सगळी औषधं सारखी पोचत नाहीत, त्यामुळे रक्तातला विषाणू आणि मणक्यातल्या पाण्यातला विषाणू वेगळे असू शकतात. 2010 साली पॅरिसच्या डॉक्टरांनी असे 11 रुग्ण नोंदवले. रक्तात विषाणू जवळपास आटोक्यात, पाण्यात मात्र सापडतोय. 8 जणांचा पाण्यातला विषाणू तपासला, तर 7 जणांत औषधांना दाद न देणारे बदल निघाले.

पण त्यांना तपासलं होतं ते मेंदूचा त्रास सुरू झाला म्हणून. धडधाकट माणसाला तो हिशोब कसा लावणार? आणि डॉक्टरांनी उपचार काय केला? गोळ्या बदलल्या. त्या विषाणूला लागू पडतील, मेंदूत पोचतील अशा दिल्या. रुग्ण सुधारले. बंद कुणी केल्या नाहीत!

या मेसेजमधलं सगळ्यांत घातक वाक्य म्हणजे ‘गोळ्या थांबवा’. अहो, औषधांना दाद न देणारा विषाणू तयार होतो तो बऱ्याचदा खाड्यांमुळे. औषध अंगात अर्धवट उरतं, विषाणू वाढतो आणि वाढता वाढता बदलतो. विषाणूत एम184व्ही नावाचा एकच बदल झाला की लॅमिव्हुडिन या एचआयव्हीच्या औषधाचा जोर बराचसा संपतो. म्हणजे ज्याची भीती घालताय, तेच घडवून आणताय.

जोडीदाराचं म्हणाल, तर एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांच्या ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासात, रक्तातल्या विषाणूंचा आकडा दर मिलिलिटरला 200 च्या खाली असलेल्यांकडून जोडीदाराला एकही लागण झाली नाही. तिथे रक्तच तपासलं होतं, मणक्यातलं पाणी नव्हे. आणि काढा मेंदूत पोचतो कसा, यावर मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

डोकं सतत दुखतंय, चालताना तोल जातोय, विसरायला होतंय, असं काही असेल तर डॉक्टरांना सांगा. गरज वाटली तर ते पाणी काढून तपासतील. दादाला यातलं काही नव्हतं. त्याच संध्याकाळी, त्याला गोळ्या मिळतात त्या सेंटरच्या मॅडमना फोन लावला. सोमवारी मी त्याच्यासोबत जातेय. खाडा 9 दिवसांचा, हे तिथे खरं सांगायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.