‘एकही शब्द कळला नाही’ : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी आमच्याकडे झालेल्या रॉक बँडच्या कार्यक्रमाला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. फोंड्याहून मुलीला घेऊन आपण बार्देशात आलात, आठचा कार्यक्रम पावणेनऊला सुरू झाला, गायकाचा एकही शब्द कळला नाही, शेवटचे गाणे ऐन रंगात असताना रात्री दहाला आम्ही आवाज बंद केला आणि मुलीचे कान सकाळपर्यंत गुणगुणत राहिले, असे आपले म्हणणे आहे. यातले बहुतेक खरे आहे. शब्दांबाबत मात्र अर्धी गोष्ट वेगळी आहे.

नाट्यसंगीताचे पद शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळते, मग इथे का नाही, असा आपला प्रश्न आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये रुजलेल्या रॉक संगीताच्या या प्रकारात गायकाचा आवाज मुद्दामच गिटारींच्या थराखाली ठेवतात. वादकांची नजर सतत पायाजवळच्या पेडलांवर, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलायच्या डब्यांवर असते, म्हणून तिथल्या पत्रकारांनी त्याला थट्टेने ‘शूगेझ’ (बुटांकडे टक लावणे) म्हटले आणि तेच नाव चिकटले. याच वाटेने पुढे गेलेला आइसलँडचा सिगुर रोस हा बँड तर काही गाणी अर्थ नसलेल्या अक्षरांवरच गातो. तराण्यातल्या ‘दिर दिर तनन’चा अर्थ आपण विचारत नाही, तसेच काहीसे हे आहे. तेव्हा बँडने खाली ठेवलेला आवाज मी परस्पर वर आणणार नाही.

पण हे स्पष्टीकरण इथेच संपते, कारण दोन गाण्यांच्या मध्ये गायक जे बोलला तेही कळले नाही, असे आपण पुढे लिहिले आहे. त्याला संगीताचा प्रकार जबाबदार नाही, आम्ही जबाबदार आहोत. आमची जागा म्हणजे जांभ्या दगडाची, कौलारू छपराची जुनी वखार. ड्रम आणि गिटारचे ॲम्प (आवाज वाढवणारे स्पीकर) तिथे माइकविनाच पुरेसे मोठे ऐकू येतात. गायक हळू गाणारा असला की त्याच्या माइकमध्ये त्याच्यापेक्षा मागची झांजच जास्त शिरते, आणि माइक वाढवावा तर स्पीकर शिट्टी मारू लागतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे ड्रम आणि ॲम्प आधी खाली आणणे, आणि तेवढा वेळ त्या दिवशी आमच्या हातात उरला नव्हता. त्यात गायकाचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, त्याच्या स्वतःच्या पेडलावर होता आणि बोलतानाही तो चालूच राहिला. आमच्या साउंड इंजिनिअरने त्याला खूण करून तो बंद करायला लावायला हवे होते. शिवाय आपण डावीकडे भिंतीला टेकून उभे होता, असे आपणच लिहिले आहे. भिंतीजवळ खर्ज साचतो. आवाज जुळवायच्या यंत्राच्या, म्हणजे मिक्सरच्या, पुढ्यात उभे राहण्यास दारातच कोणी सांगितले असते, तर निदान बोलणे तरी कळले असते.

उशिराचे कारण सांगतो, ते सबब म्हणून नव्हे. साडेसहाला एका गिटारमधून खरखर येऊ लागली. त्या वादकाच्या पाटीवर अकरा पेडल आणि त्यांना जोडणाऱ्या वीतभर लांबीच्या डझनभर वायरी होत्या. इंजिनिअर जमिनीवर पालथा पडून, तोंडात टॉर्च धरून, एकेक वायर काढून पाहत होता. नववी वायर सदोष निघाली. आमच्या दमट हवेत पितळी पिना हिरव्या पडतात, हे आम्हाला ठाऊक असूनही जादा वायरींचा संच जवळ नव्हता. आता आणला आहे.

दहाच्या बाबतीत मला सवलत घेता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदिस्त सभागृहाबाहेर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि कौलांच्या फटींतून चांदणे दिसते त्या जागेला मी बंदिस्त म्हणू शकत नाही. मागच्या दारापासून वीस पावलांवर एका वृद्ध बाईंची निजायची खोली आहे. चूक दहाला थांबण्यात नव्हती, पावणेनऊला सुरू करूनही पूर्ण यादी वाजवू देण्यात होती. हळूहळू चढत जाणारी ती रचना समेच्या तोंडाशी येऊन तुटली, याचे वाईट बँडलाही वाटले. दोन गाणी आधीच गाळायला मी सांगायला हवे होते.

मुलीच्या कानांचे मला सर्वांत जास्त लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे आणि प्रेक्षकांना इअरप्लग द्यावेत असेही म्हटले आहे. आमच्याकडे इअरप्लग होते, पण काउंटरच्या खणात. यापुढे ते तिकिटाबरोबर हातात दिले जातील. गुणगुण अजूनही थांबली नसेल, तर कृपया कानाच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचे बिल माझ्याकडे पाठवा.

हळू बोलण्यास सांगितल्याचा आपल्याला राग आला, त्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही. एकाच तारेवर चाललेल्या वादनात काउंटरवरची बडबड पार मंचापर्यंत जाते. गाड्या लावायच्या जागेचे म्हणणे रास्त आहे, चर्चजवळच्या मोकळ्या जागेचा फलक लावतो.

दोन्ही तिकिटांचे पैसे आपल्या खात्यावर परत पाठवले आहेत. ती तुटलेली रचना दुपारच्या साउंड चेकला बँडने सबंध वाजवली होती आणि मिक्सरवर तिची नोंद झाली आहे. बँडने आपल्याला पाठवण्याची परवानगी दिली आहे. मुलीला ऐकायची असल्यास कळवा.