गच्चीवरचा अगस्ती

सोलापुरात गच्चीवर बाग करणाऱ्या माणसाने शेजाऱ्यांकडून सहानुभूतीची अपेक्षा ठेवू नये. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते. त्या दिवशी बॅरल, घागरी आणि बादल्यांच्या रांगेत कुंड्यांचाही वाटा धरणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती मला आता पाठ झाली आहे. तुळस, पुदिना, गवती चहा यांच्यापुरती ही नजर सौम्य असते. मी मात्र ॲनिस हिसॉप नावाच्या झाडाच्या नादी लागलो.

या नावातले दोन्ही शब्द खोटे आहेत, कारण हे झाड ॲनिस म्हणजे बडीशेपेसारखे मसाल्याचे झाडही नाही आणि हिसॉप नावाची सुगंधी वनस्पतीही नाही. ते उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातले, तुळस आणि पुदिना यांच्याच कुळातले. देठ दोन बोटांत धरून फिरवला तर चौकोनी लागतो, ही त्या कुळाची खूण. पान चुरगळले की बडीशेप आणि ज्येष्ठमध एकाच पुडीत बांधल्यासारखा वास येतो. शास्त्रीय नाव अगास्ताकी फोएनिक्युलम. त्यातला पहिला शब्द ग्रीकातून आलेला, अर्थ पुष्कळ कणसांचे. दुसरा लॅटिन, अर्थ सरळ बडीशेप. ही सगळी माहिती मी आईला मोठ्या हौसेने वाचून दाखवली, पण पहिल्या शब्दापुढे ती गेलीच नाही.

"अगस्ती? म्हणजे हादगा का? हादग्याला अगस्ता म्हणतात."

"हादगा नव्हे, आई. हे अमेरिकेतलं झाड आहे."

"मग अगस्ती ऋषी तिकडे कधी गेले होते?"

आमचे घराणे मूळचे मंगळवेढ्याकडचे, म्हणजे ज्वारी पेरणारे, त्यामुळे बी कसे पेरावे हे मला कोणी शिकवावे लागत नाही, अशी माझी समजूत होती. जूनमध्ये मी ते बी कुंडीत दोन बोटे खोल पेरले आणि महिनाभर काळ्या मातीकडे पाहत बसलो. हे बी धुळीच्या कणाएवढे असते, त्याला रुजायला उजेड लागतो आणि ते मातीवर नुसते दाबून ठेवायचे असते, हे मला नंतर कळले. मी बियांची पेरणी केली नव्हती, दफनविधी केला होता.

उगवण चांगली व्हावी म्हणून बियांना आधी काही आठवडे ओली थंडी द्यावी, असाही सल्ला असतो. जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास दोन-चार रात्री स्वेटर निघतो, त्यालाच आम्ही हिवाळा म्हणतो, तेव्हा थंडीसाठी फ्रिजवाचून पर्याय नव्हता. ओल्या रुमालात गुंडाळलेले बी डबीत घालून विरजणाच्या भांड्याशेजारी चार आठवडे ठेवले. पत्नीने ती डबी दोनदा कचऱ्यात टाकली आणि मी दोनदा उचलून आणली. ऑक्टोबरात अखेर तीन रोपे वर आली, आणि ती पाहायला मी ज्या ज्या माणसाला गच्चीवर नेले त्याने प्रथम हेच विचारले, की ती कुठे आहेत.

रोपे वितभर झाल्यावर नावाचा प्रश्न उभा राहिला. आमच्या गल्लीत तीन भाषा नांदतात. कन्नड बोलणाऱ्या अण्णांनी पान हुंगून "सोंपु" असा निकाल दिला, तेलुगू बोलणाऱ्या वहिनींनी "सोपु" म्हणून त्याला दुजोरा दिला, आणि माझे "हे बडीशेप नव्हे" हे स्पष्टीकरण तिन्ही भाषांत सारखेच दुर्लक्षिले गेले.

खरे संकट आईकडून आले. रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालताना तिने, शेजारी उभ्या असलेल्या परक्या पाहुण्याला उपाशी कसे ठेवायचे या भावनेने, त्यालाही तांब्याभर घालायला सुरुवात केली. एकदा मूळ धरले की या झाडाला कोरडे चालते. साचलेल्या पाण्याने मात्र मुळे कुजतात, आणि आमची काळी माती पाणी अशी धरून ठेवते की विचारू नये. डिसेंबरात एक रोप गेले आणि जानेवारीत दुसरे. निचरा, वाळू, मुळांना लागणारी हवा यांवर मी व्याख्यान दिले. आईने ते शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मला तांब्या पुन्हा ओला दिसला.

उरलेल्या एकाने मात्र नाव काढले. कमरेएवढे वाढून त्याला जांभळी कणसे आली, त्यांवर मधमाश्या आल्या, आणि शेजारच्या दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या मंडळींनी आपला मार्ग बदलला. तिकडचे मूळ रहिवासी याच्या पानांचा काढा पितात, हे वाचून मी एकदा पाहुण्यांना पाने घातलेला चहा दिला. आपल्या पद्धतीने, दूध-साखर घालून, उकळून. पाहुण्या मावशींनी कप तोंडाजवळ नेला, थांबल्या आणि लगबगीने पत्नीकडे वळून हसत म्हणाल्या, "अगं, बाळ झालं आणि कळवलंसुद्धा नाही?" तान्ह्या मुलांच्या पोटदुखीच्या औषधाचा हुबेहूब तो वास होता. आमचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. दुधाच्या चहात हे पान घालू नये, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. लिंबाच्या सरबतात मात्र ते फार छान लागते आणि काकडीच्या कोशिंबिरीत तर आईलाही आवडले. शेंगाच्या चटणीत घालून पाहू का, या प्रश्नाला तिने उत्तर दिले नाही.

तांब्याचा प्रश्न कसा सुटला, हे सांगायचे राहिले. फेब्रुवारीत एका सकाळी, शेवटचे रोपही हातचे जाणार या धास्तीने, मी शास्त्र बाजूला ठेवले आणि म्हणालो, "आई, हा अगस्ती आहे. एका आचमनात सगळा समुद्र प्यायलेला माणूस. त्याला आणखी पाणी कशाला?"

आईने तांब्या खाली ठेवला. थोडा विचार करून म्हणाली, "हे आधी नाही का सांगायचं?" त्या दिवसापासून ती आठवड्यातून एकदा माती चाचपून पाहते आणि मगच हात सैल सोडते.

आता एप्रिल लागला आहे. उणे 30 अंशांची थंडी सोसणाऱ्या जातीचे हे झाड पारा 42 अंशांवर गेला की दुपारी मान टाकते, म्हणून मी त्याच्यावर घरातली जुनी सोलापुरी चादर दोरीला बांधून ताणली होती. तिच्या वजनाने दोरी दोनदा तुटली. तिसऱ्यांदा बांधायला गेलो, तर चादर जागेवर नव्हती. आईने ती धुऊन घडी करून ठेवली होती, कारण रविवारी पाहुणे येणार आहेत.