मेथी नसेल तर पालक

दर निवडणुकीला आमच्या घरात बाबांचं एक वाक्य ठरलेलं असतं: “तिसऱ्याला देऊन मत फुकट घालवू नका.” आम्ही माहीमचे मतदार, त्यामुळे २०२४ च्या विधानसभेला तर त्यांना ऊतच आला होता. निकाल आठवतोय ना? महेश सावंत १,३१६ मतांनी आले, सदा सरवणकर दुसरे आणि तिसऱ्या नंबरवरच्या अमित ठाकरेंना ३३ हजारांच्या वर मतं. या ३३ हजार लोकांना उरलेल्या दोघांपैकी कोण चालला असता, हे मशीनने विचारलंच नाही.

गंमत अशी की त्याच वर्षी जूनमध्ये मी विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघात (इथे फक्त पदवीधर मत देतात) मत दिलं आणि तिथे हे विचारतात! बटण नाही. मतपत्रिका, केंद्रावरचाच जांभळा पेन आणि नावांपुढे पसंतीचे १, २, ३.

राष्ट्रपतीही असेच निवडले जातात. विधान भवनात आपले आमदार पसंतीक्रम लिहितात.

१९६९ ची निवडणूक बघा. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे तेच. पहिल्या पसंतीत गिरी पुढे होते, पण निम्म्याच्या पार नव्हते. मग सगळ्यात कमी मतांचे उमेदवार एकेक करून बाद केले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडे गेली, पण गिरींना मिळाली तेवढी त्यांना पुरली. देशमुखांना दिलेलं मत फुकट गेलं, असं कोण म्हणेल?

मग हे आमदारांना आणि पदवीधरांनाच का? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बाजारात निघाल्या की आई सांगते, “मेथी नसली तर पालक आणा, तोही नसला तर चवळी.” मावशी कधी चुकलेल्या नाहीत. पसंतीक्रम कळायला डिग्री कशाला हवी?

मोजणीला वेळ लागेल, मान्य. पदवीधरची मोजणीही लांबतेच, आणि ती मतं विधानसभेपुढे मूठभर. मशीनही बदलावी लागतील. पण पाच वर्षांसाठी आमदार निवडायचा तर दोन दिवस थांबायला माझी ना नाही.

रविवारी जेवताना बाबांना विचारलं, त्या ३३ हजारांची दुसरी पसंती कोण असती? बाबांनी एक नाव घेतलं, आईने दुसरं. मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, “माझी पहिलीच कोण होती ते तरी कुठं विचारलंत?”