साडेसात हजारांचं ‘कर्जमुक्ती प्रमाणपत्र’

मंगळवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. “मामा, मी कर्जमुक्त झालो!” मला वाटलं लॉटरी लागली. मग त्यानं व्हॉट्सॲपवर एक कागद पाठवला. गोल शिक्का, वर तिरंगी पट्टी, खाली कुणाची तरी वेटोळी सही आणि मधोमध ‘कर्जमुक्ती प्रमाणपत्र’. त्याचे साडेसात हजार मोजले होते पठ्ठ्यानं. वर, आता एकही हप्ता भरायचा नाही म्हणून खात्यातले पैसेही काढून घेतले होते.

ज्या मेसेजनं हे केलं तो तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. ‘2016 च्या कायद्यानं प्रत्येकाला दिवाळखोरीचा हक्क दिलाय. आमच्याकडे नोंदणी करा, प्रमाणपत्र बँकेला दाखवा, सगळी कर्जं माफ. थकबाकीसाठी जेल होत नाही. तीन वर्षं हप्ता भरला नाही की कर्ज आपोआप संपतं. विनातारण कर्ज असेल तर बँक काहीच करू शकत नाही. बँका हे लपवतात, पुढे पाठवा.’

मी एकवीस वर्षं एका पतसंस्थेच्या वसुलीत काढली. तेव्हा हा बँकांचीच बाजू घेणार असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

आधी त्या कागदाचं. 11 डिसेंबर 2023 ला रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढून नेमक्या याच धंद्यापासून लोकांना सावध केलं. कर्जमाफीच्या जाहिराती करायच्या, बँकेचं देणं फेडायची गरज नाही असं सांगायचं, ‘कर्जमाफी प्रमाणपत्रा’साठी सेवेची आणि वकिलीची फी उकळायची, आणि अधिकार मात्र कसलाच नाही. अशा लोकांची पोलिसांत तक्रार करा, असंही त्यात आहे. खरं तर यासाठी रिझर्व्ह बँक कशाला लागते? तुमच्या भाडेकरूचं थकलेलं भाडं शेजारच्यानं शिक्का मारून माफ केलं तर चालेल का तुम्हाला?

आता तो 2016 चा कायदा. नादारी व दिवाळखोरी संहिता खरीच आहे, व्यक्तींसाठी त्यात वेगळा भागही आहे. पण 1 डिसेंबर 2019 पासून तो भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. पगारदार, दुकानदार, रिक्षावाला यांना तो आजही लागू नाही. त्यात गरीब कर्जदारासाठी ‘नव्यानं सुरुवात’ करण्याची सोय लिहून ठेवलीय. ती उद्या सुरू झाली तरी अटी बघा. वर्षाचं उत्पन्न 60 हजारांपर्यंत, मालमत्ता 20 हजारांपर्यंत, माफीला पात्र कर्ज 35 हजारांपर्यंत आणि नावावर घर नको. भाच्याचा पगार महिन्याला 22 हजार. तो कुठे बसतो यात?

राहिले इंग्रजांच्या काळचे दोन कायदे, मुंबई शहरापुरता 1909 चा आणि बाहेर 1920 चा. जुनी माणसं ‘नादारीचा अर्ज’ म्हणायची तो हा. तो कोर्टात करायचा असतो, मोबाइलवर नाही. कोर्टानं नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं असं थोडकं सुटतं. कर्जातून मुक्ततेसाठी पुन्हा वेगळा अर्ज, आणि फसवून घेतलेलं कर्ज त्यानंतरही मानेवर राहतंच. शिवाय 1920 च्या कायद्यात एक कलम आहे. मुक्तता न मिळालेल्या नादारानं आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपयांची किंवा जास्त उधारी केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद. पन्नास रुपये! म्हणजे किराणावाल्याकडून तेलाची पिशवी उधार घ्यायची तरी आधी त्याला सांगायचं, “शेठ, मी नादार आहे.” हा म्हणे हक्क.

जेलचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत. पण चेक परत गेला तर चेकच्या कायद्याचं कलम 138 आहे. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्त्याचं ऑटो-डेबिट परत गेलं तरी 2007 च्या पेमेंट कायद्याचं कलम 25 आहे. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि आमच्या शहाण्यानं नेमकं खातंच रिकामं केलं.

तीन वर्षांचं अर्धसत्य सगळ्यात हुशारीनं पेरलंय. तीन वर्षं ही दावा लावायची मुदत. कर्ज त्यानं मरत नाही. त्या मुदतीत तुम्ही चार पैसे भरले किंवा सही करून देणं कबूल केलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि बँक काय तीन वर्षं झोपून राहते? आम्ही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडून सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला काढायचो आणि पगारावर जप्ती लावायचो. विनातारण कर्जातही हेच. लिलावाला घर तारण नाही, एवढाच काय तो फरक. त्यात भाच्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला त्याचा सख्खा काका जामीन आहे. कर्जदार थांबला की जामीनदाराला नोटीस, काकांचं पेन्शनचं वय बघून कुणी थांबत नाही. सूनबाईचं, म्हणजे भाच्याच्या बायकोचं, कर्ज बचत गटाचं. तिचा हप्ता चुकला की दारात बँक येणार नाही, गटातल्या गल्लीतल्या नऊ बायका येतील.

मेसेजवाल्यानं खरंच उपयोगी पडेल ते एक वाक्यही लिहिलं नाही. ऑगस्ट 2022 पासून वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलंय. धमकी दिली, नातेवाइकांना फोन केले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. 90 दिवस थकून खातं एनपीए, म्हणजे बुडीताकडे झुकलेलं, ठरायच्या आत बँकेत जाऊन मुदत वाढवून मागता येते, तेही लेखी. तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवताही येतं, पण सिबिलवर ‘सेटल्ड’ हा शेरा पुढची काही वर्षं मागे लागतो. यातलं काही एका रात्रीत होत नाही, म्हणून ते कुणी फॉरवर्ड करत नसावं.

भाच्याला सांगितलंय, उद्या सकाळी पगाराचे पैसे परत खात्यात टाक आणि 1930 वर फोन करून त्या साडेसात हजारांची तक्रार नोंदव. रविवारी सगळी पासबुकं, कर्ज घेतलेल्या तिन्ही ॲपचे हिशेब आणि काकांना घेऊन ये. ते प्रमाणपत्र डिलीट करू नकोस. तक्रारीला जोडायचंय.