तुझं ते लिनक्स

कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवून देणं म्हणजे स्थळ जमवून देण्यासारखं आहे. संसार त्या दोघांचा; पण भाजी अळणी झाली तरी फोन मध्यस्थालाच येतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा पाठिंबा संपला आणि माझे दिवस फिरले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत धडधाकट पण त्या नियमात न बसणारे लॅपटॉप घरोघरी निघाले. पहिला नंबर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. काका सोसायटीचे सेक्रेटरी. मी लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घालून दिलं. लॅपटॉप पळायला लागला, काका हरखले. "आणि याचे पैसे?" "काही नाही, फुकट आहे." "आत्ता फुकट, की नंतरसुद्धा?" नंतरसुद्धा, म्हटलं. त्या क्षणापासून इमारतीत जे जे बंद पडेल त्याला "तुझं ते लिनक्स" हे एकच कारण पुरायला लागलं. वायफायचा राउटर तापला, तुझं ते लिनक्स. वीजबिलाची साइट उघडेना, तुझं ते लिनक्स. एकदा तर लाइट गेले आणि जिन्यातून हाक आली. मी खाली जाऊन फ्यूज बघितला. जबाबदारी ती जबाबदारी.

समोर बसून दुरुस्ती करणं त्या मानानं सोपं. खरी कसोटी फोनवर. मिरजेच्या मावशीचा फोन.

"अरे, ते गेलं."

"काय गेलं?"

"ते रे, खालचं."

"बरं. आणि वर काय दिसतंय?"

"वर पंखा."

हे 'खालचं' म्हणजे पॅनेल, पडद्याच्या तळाची पट्टी, आणि ते आपोआप लपवण्याची सोय कुठंतरी हात लागून सुरू झाली होती, हे कळेपर्यंत मावशीचा कुकर तीन शिट्ट्या देऊन मोकळा झाला. माउस खाली नेला की पॅनेल वर यायचं. मावशीला ते इतकं आवडलं की बंद करू नकोस म्हणाली.

इंटरनेटवरचे जाणकार नवख्या माणसाला पहिल्या वाक्यात टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडायला का लावतात, हे मला समजतं. एक ओळ सांगितली की काम होतं, दहा ठिकाणी क्लिक करायला नको. पण ती ओळ फोनवरून सांगून बघा. "आता एक आडवी रेघ." "वरची की खालची?" "मधली." "मधली नाहीच आहे इथं." माझं स्पष्ट मत आहे की पॅनेलमधलं ढालीचं चिन्ह दाबून अपडेट करता येत असताना साठीच्या माणसाला काळ्या खिडकीत ढकलू नये.

काकांच्या बाबतीत मात्र ढकलावं लागलं. सुडोनं, म्हणजे मालकाच्या हक्कानं, सुरू होणारी ओळ लिहिली, एंटर मारला, पासवर्ड मागितला. काकांनी टाइप केलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"कीबोर्ड गेला."

"गेला नाही काका. पासवर्ड दिसत नाही तिथं."

"टिंबं तरी येतील की! बँकेतसुद्धा टिंबं येतात."

मी सांगितलं की टिंबं आली तर मागून बघणाऱ्याला पासवर्ड किती अक्षरी आहे ते कळतं, म्हणून तेवढंही दाखवत नाहीत. काकांना ही सावधगिरी मनापासून पटली. मग चुकायला नको म्हणून त्यांनी एकेक अक्षर खणखणीत आवाजात म्हणत पासवर्ड टाइप केला. आतून काकू ओरडल्या, "अहो, तो माझ्या बँकेचा आहे!"

प्रिंटरचा प्रसंग थोडक्यात सांगतो. लिनक्सवर छपाईचं काम कप्स नावाची व्यवस्था बघते. प्रिंटरनं नाटक केलं की ती बऱ्याचदा रांग थांबवते, आणि मग कुणी 'पुन्हा सुरू' म्हणेपर्यंत रुसून बसते. काकांनी टाकी सफाईची नोटीस छापायला दिली होती. येईना म्हणून पुन्हा दिली. परत दिली. जेवून आल्यावर दिली. मी जाऊन सैल झालेली केबल घट्ट केली, रांग सुरू केली, आणि इमारतीत फ्लॅट नाहीत तितक्या नोटिसा बाहेर पडल्या. शेवटच्या काही नुसत्या शाईच्या आठवणीवर निघालेल्या.

पण सगळ्यात जास्त घाम मराठीनं काढला. काकांच्या जुन्या नोटिसा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या कुठल्याशा फॉण्टमध्ये. त्या फॉण्टांत 'क'चं चित्र इंग्रजी अक्षराच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहायचं; फॉण्ट नसला की मूळ मालक दार उघडतो. त्यामुळं लिबरऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवर वर्डचं काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार एखाद्या गुप्त संकेतासारखा दिसायला लागला. थकबाकीदारांची यादीसुद्धा. ती वाचता येत नाही ही बातमी थकबाकीदारांपर्यंत कशी पोचली देव जाणे, पण त्या संध्याकाळी दोघंतिघं माझ्याशी फार गोड बोलले. पेनड्राइव्हवर जुना फॉण्ट सापडला, तो घातला, यादी परत आली. गोड बोलणं थांबलं.

आता नवीन नोटीस युनिकोडमध्ये लिहायची ठरली. मी मराठी कीबोर्ड जोडून दिला आणि घरी आलो. मागोमाग व्हॉट्सॲपवर फोटो: 'उद्या पाणी येणार नाही' असं लिहायला काकांनी सुरुवात केली होती आणि पाणीच्या जागी उमटलं होतं 'जोलग'. मी घातला होता इनस्क्रिप्ट कीबोर्ड, १९९१ सालच्या भारतीय मानकातला, शास्त्रशुद्ध. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. त्यात इंग्रजी पी दाबला की ज, ए दाबला की ओकार, एन म्हणजे ल, आय म्हणजे ग. मी इनस्क्रिप्टचं कौतुक सुरू केलं, तर काका म्हणाले, "ते सगळं खरं, पण नळाला उद्या जोलग येणार नाही असं मी सभासदांना सांगू?" मी मुकाट्यानं फोनेटिक, म्हणजे इंग्रजी उच्चाराप्रमाणे मराठी उमटवणारा, कीबोर्ड जोडला.

त्यानंतर बरेच दिवस तिसऱ्या मजल्यावरून हाक आली नाही. मी निर्धास्त झालो. मग काल जिन्यात काका भेटले, चेहऱ्यावर विजय.

"पहिल्या मजल्यावर दोघांकडे बसवून दिलं मी. तुझा तो लिनक्सचा पेनड्राइव्ह माझ्याकडेच होता ना."

"तुम्ही? एकट्यानं?"

"त्यात काय आहे? पुढं पुढं दाबत जायचं. आणि अडलं तर तुझा नंबर दिलाय."