खोक्यावर १४४, पडद्यावर ६०

गेल्या दिवाळीत मी नव्या पेठेतल्या एका दुकानातून १४४ हर्ट्झचा मॉनिटर विकत घेतला आणि पुढचे आठ महिने तो ६० हर्ट्झवर चालवला. हे मला जुलैमध्ये कळले, तेही अपघाताने. त्या आठ महिन्यांत गेममधले चित्र तुटून दिसायचे म्हणून मी गेमची एकेक सेटिंग खाली आणली, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, तीनदा काढून पुन्हा टाकले आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये कार्ड तापणारच असे गृहीत धरून कॅबिनेटचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. दुकानदाराने तर फोनवर एका वाक्यात निकाल दिला होता, "कार्ड कमी पडतंय भाऊ, मोठं घ्या." कार्ड कमी पडत नव्हते. माझा सगळा संताप दुकानदाराच्या त्या एका वाक्यावर आहे.

गेमच्या कोपऱ्यात दिसणारा एफपीएसचा आकडा म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रे तयार करते तो आकडा, आणि मॉनिटरचे हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो तो आकडा. या दोन कामांना एकमेकांची खबर नसते. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.६७ मिलिसेकंदांनी वरून खाली रंगत जातो. माझे कार्ड त्याच वेळात दीड चित्र तयार करत होते, त्यामुळे पडदा अर्धा रंगलेला असतानाच नवे चित्र येऊन थडकायचे आणि वरचा भाग जुन्या चित्राचा, खालचा नव्या चित्राचा असा जोड दिसायचा. याला टेअरिंग म्हणतात. गाड्यांच्या शर्यतीत वळण घेताना रस्त्याकडेचा विजेचा खांब मधोमध तुटून दोन्ही तुकडे बोटभर सरकलेले मी रोज पाहत होतो, आणि कोपऱ्यात मात्र ९५ हा आकडा ऐटीत उभा होता. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. जेकार्डच्या चादरीत मोराची मान एकीकडे आणि धड दुसरीकडे गेले, तर तो नग सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, काढतात आणि सेकंड म्हणून सांगूनच विकतात. मॉनिटरच्या धंद्यात एवढाही संकेत पाळला जात नाही.

टेअरिंग दिसले की जो तो सांगतो, व्ही-सिंक लावा. व्ही-सिंक लावले की कार्डाने पडद्याची पाळी येईपर्यंत थांबायचे असते, त्यामुळे चित्र तुटत नाही हे खरे. पण दोनच बफर, म्हणजे तयार चित्र ठेवायच्या जागा, असतील, तर पुढे काय होते ते कोणी सांगत नाही. गर्दीचा प्रसंग आला, एक चित्र तयार व्हायला १६.६७ ऐवजी १८ मिलिसेकंद लागले, की ती पाळी चुकते आणि चित्र थेट पुढच्या पाळीला, म्हणजे ३३.३ मिलिसेकंदांनी दिसते. सव्वा मिलिसेकंदाच्या उशिराला ६० वरून थेट ३० वर आपटण्याची शिक्षा! शिवाय माउस हलवल्यानंतर पडद्यावर हालचाल दिसायला लागणारा वेळ वाढतो, तो वेगळाच. मला वाटले, माझा हातच मंदावला.

जुलैमध्ये ओळखीच्या एका मुलाला हवे म्हणून मॉनिटरचे खोके माळ्यावरून काढले, तेव्हा तळाशी कार्डाकडून मॉनिटरकडे चित्र नेणारी डिस्प्लेपोर्टची केबल प्लास्टिकच्या पिशवीत तशीच बंद सापडली. दुकानाच्या माणसाने घरी येऊन माझ्या जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल लावून दिली होती. माझ्या नव्या मॉनिटरचा एचडीएमआय जोड १.४ आवृत्तीचा आहे आणि २५६० बाय १४४० ठिपक्यांच्या चित्राला त्यातून १४४ हर्ट्झ जातच नाहीत. त्यासाठी डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा एचडीएमआय २.० लागते. नवी केबल लावल्यावरही विंडोज ६० वरच बसून होते. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इतके आत शिरून १४४ स्वतः निवडावे लागले. बसवून देणाऱ्याला हे काम एका मिनिटाचे होते.

आणि एवढ्यावर संपले असेही नाही. १४४ हर्ट्झवर पडदा ६.९४ मिलिसेकंदांनी रंगतो, ९५ च्या वेगाने चित्र येते साडेदहा मिलिसेकंदांनी. या दोन वेळांचा भाग बरोबर जात नसल्यामुळे तीन बफरांचे व्ही-सिंक लावले, की एखादे चित्र एक पाळी राहते, एखादे दोन, आणि सरळ रस्त्यावरही गाडी अडखळल्यासारखी दिसते. यावरचा खरा उपाय म्हणजे पडद्यानेच कार्डाची वाट पाहणे. तो काही काल निघालेला नाही. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने जी-सिंक २०१३ मध्ये जाहीर केले आणि २०१४ मध्ये डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये अडॅप्टिव्ह-सिंक आले. एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीचे फ्रीसिंक त्यावर आधारलेले आहे. माझ्या मॉनिटरच्या खोक्यावर फ्रीसिंकचा छाप ठळक आहे, आणि मॉनिटरच्या मेन्यूत ते बंद होते; ते मी सुरू केले. त्याचा पल्ला ४८ ते १४४ हर्ट्झ आहे, हे माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडले. हलक्या गेममध्ये कार्ड १४४ च्या वर पळते आणि तुटलेले खांब परत दिसतात, म्हणून एफपीएसला १४० ची मर्यादा मी आता स्वतः घातली आहे. कार्ड तेच आहे. खांब सरळ आहेत.

मागच्या आठवड्यात मी मुद्दाम त्या दुकानात गेलो. काउंटरवर तीन मॉनिटर मांडलेले होते, तिन्हींवर १४४ चे स्टिकर. मी विचारून सेटिंग्ज उघडल्या. तिन्ही ६० वर होते. दुकानदार म्हणाला, "तेवढं कोण बघतंय हो, भाऊ." ज्याने सहा महिने पैसे साठवून ते यंत्र घेतलेले असते, तो बघतो, असे मी त्याला स्पष्ट सांगितले, आणि त्याच्यादेखत तिन्ही मॉनिटर एकेक करून १४४ वर नेऊ लागलो. दोन गेले. तिसऱ्याला एचडीएमआयचीच केबल होती.