‘टाका घातल्यावर हलवायचंच असेल, तर टाका घालायचा कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘बोट वाकवणाऱ्या कंडरा कापल्या जातात तेव्हा’ या माझ्या लेखाखाली (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) निफाडच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली. ती अशी:

‘मॅडम, पुस्तकी ज्ञान पाजळून लोकांना घाबरवू नका. माझ्या भावाची गोडी छाटणीत हाताच्या पाठीवरची नस कापली होती. गावच्या डॉक्टरांनी टाके घातले, प्लास्टर केलं, महिन्याने काढलं, हात झकास. तुम्ही म्हणता तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोट हलवा. टाका घातल्यावर हलवायचंच असेल, तर टाका घालायचा कशाला? वर पेशंटला जागं ठेवायचं, बोटात अ‍ॅड्रेनलिन टोचायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? खेड्यात फिजिओथेरपिस्ट कुठून आणायचा? मजुराने तीन महिने घरी बसून खायचं काय? हे सगळं नाशिकच्या दवाखान्यांचं दुकान चालावं म्हणून.’

नमस्कार. प्रतिक्रिया एकही शब्द न गाळता वर दिली आहे. ‘पाजळून’ आणि ‘दुकान’सुद्धा तसेच ठेवलेत. मतभेदाला माझी ना नाही. पण ज्या लेखात पैशांचा उल्लेखसुद्धा नाही, त्याखाली येऊन लिहिणाऱ्याच्या हेतूवरच शंका घ्यायची, ही कुठली रीत? प्रश्न होता तर सरळ विचारायचा. मी दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरातली आहे, छाटणीची कात्री मीही चालवली आहे, आणि गेली कित्येक वर्षं हाताच्या शस्त्रक्रियेखेरीज दुसरं काही करत नाही. तेव्हा ‘पुस्तकी’ हे विशेषण मला चिकटवू नका.

एक गोष्ट मान्य करते. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक तालुक्याला मिळत नाही, आणि हाताच्या व्यायामात मुरलेला तर नाशिक शहरातही शोधावा लागतो. लेखात मी ‘थेरपिस्टच्या देखरेखीखाली’ एवढ्यावर भागवलं होतं. घरी काय करायचं ते खाली लिहिते.

आता तुमचं ते टाक्याचं वाक्य. प्रश्न रास्त आहे, विचारण्याचा सूर नाही.

आधी भावाचं बघू. जखम हाताच्या पाठीवर होती, असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही ‘नस’ म्हणता ती कंडराच. पाठीवरच्या कंडरा बोट सरळ करतात. त्या चपट्या असतात आणि कातडीखाली सैल आवरणात मोकळ्या सरकतात, त्यांना अरुंद बोगदा नसतो. त्या शिवून, मनगट मागे वळवून साधारण चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवल्या तर बहुतेक वेळा छान जुळतात. बोटाच्या टोकाशी पाठीवरची कंडरा तुटून पेर लोंबायला लागलं, तर आम्ही स्वतःच सहा ते आठ आठवडे ते पेर एकदाही वाकू देत नाही. थोडक्यात, तुमच्या गावच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. पण माझा लेख तळव्याकडच्या, बोट वाकवणाऱ्या कंडरांबद्दल होता. ते शीर्षकातच लिहिलं होतं. शीर्षक तरी वाचायचं होतंत.

तळव्यावरच्या वरच्या आडव्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा पट्टा आम्ही दुसरा झोन म्हणतो. छाटणीत उजव्या हातात कात्री आणि डाव्या हातात काडी असते. पातं घसरलं की डाव्या तर्जनीवर किंवा मधल्या बोटावर नेमकं इथेच येतं. संक्रांतीला नायलॉन मांजाही इथेच कापतो. या पट्ट्यात एकाच बोगद्यातून दोन कंडरा जातात. वरची दोन फाट्यांत उलगडते आणि खोलवरची त्या फाट्यांमधून पुढे टोकापर्यंत पोहोचते. बोगद्यावर ठिकठिकाणी आडवे पट्टे असतात, त्यांना पुली म्हणतात. सायकलच्या ब्रेकची वायर तिच्या नळीत जशी सरकते, तशी कंडरा या बोगद्यात सरकते. वायरला नळीत गंज धरला की वायर अखंड असूनही ब्रेक लागत नाही.

बोटाचंही नेमकं हेच होतं. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन सर्जननी या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. इथे कंडरा शिवूच नका, कातडी बंद करा, नंतर दुसरीकडची कंडरा आणून कलम करा, असा त्यांचा सल्ला होता. कारण शिवून स्थिर ठेवलेली बोटं जुळायची, पण वाकायची नाहीत. 1960 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये व्हर्डान आणि अमेरिकेत लुईव्हिलला क्लाइनर्ट यांनी इथली कंडरा ताबडतोब शिवता येते हे दाखवलं. क्लाइनर्टनी तर नखाला रबर बँड बांधून बोट पहिल्या दिवसांपासून हलतं ठेवलं.

कंडरा दोन वाटांनी भरून येते. एक वाट तिच्या स्वतःच्या पेशींची आणि बोगद्यातल्या द्रवाची. दुसरी बाहेरून, बोगद्याच्या भिंतीकडून. बोट तीन-चार आठवडे गप्प ठेवलं की दुसरी वाट जोर धरते आणि भिंतीतून वाढलेला व्रण कंडरेला चिकटून बसतो. मग दुसऱ्या हाताने बोट वाकवलं तर पूर्ण वाकतं, स्वतःहून मात्र अर्ध्यावर अडकतं. ते सोडवायला तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, तेही सांधे मऊ राहिले असतील तरच. उलट, कंडरा रोज तीन ते पाच मिलिमीटर जरी सरकत राहिली तरी चिकटण्याला आळा बसतो आणि जोड बळकटही लवकर होतो. कंडरा सरकती राहावी आणि सरकताना तुटू नये, यासाठीच टाका घालायचा असतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

‘तुटली तर?’ असं तुम्ही पुढे म्हणणार, म्हणून आकडे देते. दुसऱ्या हाताने बोट वाकवताना कंडरेवर एक किलोहूनही कमी ताण येतो. स्वतःहून, काही न धरता वाकवलं तर साडेतीन किलोपर्यंत. अंगठा आणि बोटाच्या टोकांत एखादी वस्तू जोरात चिमटीत धरली तर हाच ताण बारा किलोपर्यंत जातो. जुनी दोन पदरी शिवण दोन-अडीच किलोला सैल पडते. म्हणून आज कापाच्या आरपार कमीत कमी चार पदर जातील अशीच शिवण घालतात, थ्री-झीरो किंवा फोर-झीरो धाग्याची (आकडा जितका मोठा, तितका धागा बारीक). टाका कापलेल्या टोकापासून सात ते दहा मिलिमीटर आत धरायचा. चार मिलिमीटरवर धरला तर धागा कंडरेच्या तंतूंमधून लोण्यातून निघावा तसा निघून येतो. टोकं एकमेकांना भिडून जोड किंचित फुगेल इतका ताण ठेवायचा, नाहीतर पहिल्याच हालचालीत फट पडते. मग कडेने सिक्स-झीरोची बारीक धावती शिवण. ती जोड गुळगुळीत करते आणि ताकदीतही भर घालते. एवढं झालं की जोड चार किलोच्या पुढे टिकतो. साडेतीन आणि चार यांतला फरक फार मोठा नाही, म्हणूनच हालचाल मोजून-मापून करायची आणि उचलायचं काहीही नाही, चहाचा कपसुद्धा नाही.

फटीचं महत्त्व लोकांना कळत नाही, डॉक्टरांनाही कधीकधी कळत नाही. जोडात तीन मिलिमीटरहून मोठी फट पडली की पुढच्या आठवड्यांत त्याची ताकद वाढायला हवी तशी वाढत नाही; अमेरिकन सर्जन गेलबरमननी 1999 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. फट नसली तरी फुगलेला जोड पुलीच्या कडेला अडतो. भिंगातून पाहिलं तर शिवलेली जागा पुलीच्या ओठाशी येते, थबकते, गोळा होते आणि मागे सरते. अशी शिवण घरी जाऊन तुटणारच. तिथे ए-टू पुली (बोटाच्या मुळाकडच्या पेरावरची) निम्म्यापर्यंत किंवा ए-फोर पुली (मधल्या पेरावरची) पूर्ण उघडावी लागते, बाकीच्या पुली शाबूत असतील तर. दोन्ही पुली सरसकट कापल्या तर वाकवताना कंडरा बोटापासून धनुष्याच्या दोरीसारखी वर उचलली जाते.

आणि हे टेबलावरच कळावं म्हणून पेशंट जागा हवा. ‘बोट वाकवा’ म्हटलं की तो वाकवतो आणि फट, अडथळा, पुली सगळं डोळ्यांसमोर दिसतं. पूर्ण भुलीत हे शक्य नाही. दंडाला रक्त थांबवणारा पट्टा बांधला तर तो पट्टा जाग्या माणसाला फार वेळ सोसत नाही आणि स्नायूही मंदावतात. म्हणून पट्ट्याऐवजी रक्तवाहिन्या आकसवून रक्त थांबवणारं अ‍ॅड्रेनलिन. एक टक्का लिग्नोकेन (बधिर करणारं औषध), त्यात एक लाखात एक या प्रमाणात अ‍ॅड्रेनलिन, किलोमागे सात मिलिग्रॅमची मर्यादा, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जास्तीत जास्त 42 मिलिलिटर. टोचल्यावर पंचवीस-तीस मिनिटं थांबायचं. अ‍ॅड्रेनलिनने बोटं काळी पडल्याच्या जुन्या नोंदी बहुतेक 1950 च्या आधीच्या, प्रोकेन नावाच्या बधिर करणाऱ्या औषधाच्या काळातल्या आहेत. कॅनडातल्या लालोंद आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 3110 रुग्णांची नोंद दिली, त्यांत एकही बोट गेलं नाही. फेंटोलमीन हा उतारा तरीही हाताशी ठेवायचा, आणि ज्या बोटाचा रक्तपुरवठा आधीच धोक्यात आहे तिथे हे करायचं नाही. ‘कुठल्या शास्त्रात बसतं’ याचं उत्तर मिळालं असेल, अशी आशा आहे.

आता घरचं काम. हाताच्या पाठीवरून स्प्लिंट, म्हणजे हात एका स्थितीत धरून ठेवणारी कडक पट्टी: मनगट सरळ किंवा किंचित मागे, मुठीचे सांधे 50 ते 60 अंश वाकलेले, बोटं वर स्प्लिंटच्या छताला सरळ टेकतील अशी. प्लास्टरची जाड पट्टी घडवूनही हे जमतं. पहिले तीन दिवस हात छातीच्या वर, हालचाल नाही. सुजलेलं बोट वाकवायला जास्त जोर लागतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून, जागे असताना दर तासाला: दुसऱ्या हाताने बोट दहादा पूर्ण वाकवा, दहादा छताला टेकेपर्यंत सरळ करा, मग स्वतःच्या जोरावर वाकवा, पण अर्ध्या मुठीपर्यंतच. मुठीच्या शेवटच्या टप्प्यात अडथळा एकदम वाढतो, म्हणून पूर्ण मूठ चौथ्या आठवड्याच्या आसपास, तीही हलकीच. ‘सरळ करा’ हा भाग लोक टाळतात आणि मधला सांधा कायमचा वाकडा राहतो. सहा आठवडे स्प्लिंट रात्री झोपतानाही काढायचं नाही. झोपेत मूठ आवळली जाते. आठव्या आठवड्यापासून हलकी कामं, बारानंतर कात्री. तंबाखू बंद. लहान मुलांना मात्र हे काही सांगत बसू नये, त्यांना तीन-चार आठवडे प्लास्टरच बरं. त्यांची बोटं नंतर सुटतात.

एवढं करूनही शंभरात चार-पाच शिवणी तुटतात. बोटात टचकन काही सुटल्यासारखं वाटलं आणि टोकाचं पेर वाकेनासं झालं, तर तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या काही दिवसांत पुन्हा शिवता येतं.

मजुराच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, पण तो कंडरेला कळत नाही. चौथ्या आठवड्यात बागेत गेलेल्याची शिवण तुटली तर बारा आठवड्यांचे सहा महिने होतात. दवाखान्यांच्या हिशेबावर मी इथे बोलणार नाही. तो विषय तुम्ही ज्या भाषेत काढलात, त्या भाषेत मला बोलता येत नाही.

गावच्या डॉक्टरांना मी कमी लेखलं, असंही तुमच्या लिहिण्यातून ध्वनित होतं. मूळ लेखात तसं एक वाक्य दाखवा. त्यांचं काम या जखमेत फार मोलाचं आहे. कातडी शिवण्याआधी फक्त दोन गोष्टी तपासायच्या. बोटाचं मधलं पेर धरून ठेवा आणि टोक वाकवायला सांगा. वाकलं तर खोलवरची कंडरा शाबूत. मग बाकीची बोटं सरळ धरून तेच बोट वाकवायला सांगा. मधला सांधा वाकला तर वरची शाबूत. वाकवताना कळ आली किंवा जोर कमी वाटला तर कंडरा अर्धवट कापलेली असू शकते. दोन्ही कडांना स्पर्श कळतो का तेही बघा, कारण कंडरेला लागूनच स्पर्श कळवणारी नस (नर्व्ह) असते. रक्त थांबवायला दाब पुरतो. जखमेत आंधळेपणाने चिमटा घातला तर शिरेसोबत नसही चिरडते. जखम भरपूर पाण्याने धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं, कातडीला सैल टाके घालायचे, हात स्प्लिंटमध्ये ठेवायचा आणि दोन-चार दिवसांत पुढे पाठवायचं. सुरगाण्याहून यायला एक दिवस गेला म्हणून कंडरेचं काही बिघडत नाही. दोन-तीन आठवडे गेले तर टोकं मागे सरकतात, स्नायू आखडतो आणि जोडणं अवघड होतं. बोट पूर्ण तुटून वेगळं झालं असेल तर मात्र वेळ तासांत मोजायची: तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात, आणि तुकड्याला बर्फ थेट लागू द्यायचा नाही.